गोधडीला रंग लागला, आता काय करू?

मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन-चार पत्रांना एकदम उत्तरे द्यायची असे ठरवून बसले होते. तांदळातले पोरकिडे, स्टीलच्या डब्याला लागलेला गंज, असे नेहमीचेच विषय होते. पण भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून एका भगिनीचे पत्र आले, आणि बाकीची पत्रे बाजूला राहिली. त्या भगिनींना घाई होती म्हणून त्यांना मी आधी टपालाने उत्तर पाठवले. तेच आता सविस्तर इथे देते, कारण हा प्रकार घरोघरी होतो आणि त्यावर घरोघरी चुकीचे उपाय होतात. चुकीचे उपाय सांगणाऱ्यांत मीही होते, ते पुढे येईलच.

त्यांनी लिहिले होते ते थोडक्यात असे. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे. तिच्या बाळासाठी म्हणून त्यांनी दिवाळीनंतर गोधडी शिवायला घेतली. आत सासूबाईंची दोन जुनी लुगडी, वरच्या बाजूला सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराचे चौकोन आणि चारी बाजूंनी लाल किनार. दोन महिने रोज दुपारी बसून धावदोरा घातला. पूर्ण झाल्यावर गोधडी पलंगावर ठेवली, तर सुनेने "आई, बाळासाठी आहे, एकदा धुऊन ठेवते" म्हणून संध्याकाळी बादलीत भिजवली. सकाळी बघतात तर किनारीचा लाल रंग धोतराच्या चौकोनांवर पसरलेला. काही ठिकाणी गुलाबी डाग, काही ठिकाणी चांगले बोट-दोन बोट रुंद ओघळ. शेवटी त्यांनी लिहिले होते, "ताई, सासूबाई आणि मामंजी दोघेही आता नाहीत. दुसरे धोतर कुठून आणू? आठ दिवस झाले, सुनेशी कामापुरतेच बोलते. गोधडी तशीच ओली पिळून बादलीत झाकून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी पाणी बदलले तेवढेच. टाकून देऊ का?"

अजिबात टाकू नका! आणि एक गोष्ट तुमच्या हातून नकळत फार चांगली झाली. गोधडी तुम्ही वाळवली नाही.

रंग लागलेल्या कपड्याचा पहिला नियम हाच आहे. वाळवू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच करू नका. सुटलेला रंग पाण्यात असतो तोवर तो पुन्हा पाण्यात काढता येतो. एकदा वाळला की तो शेजारच्या कापडाच्या धाग्यात बसतो. वाळलेला डागही पुष्कळदा निघतो, त्यामुळे ज्यांची गोधडी वाळून गेली आहे त्यांनीही निराश होऊ नये. पण त्याला वेळ दुप्पट लागतो. मात्र ओली गोधडी बादलीत कोंबून दिवसचे दिवस ठेवणेही बरे नाही. वास येतो, काळे ठिपके पडतात, आणि ते ठिपके रंगापेक्षा हट्टी असतात.

आता रंग जातो का, हे समजून घेऊ, म्हणजे उपाय कशासाठी ते कळेल.

सुती कापडाला आज जे रंग देतात त्यातला एक मोठा गट १९५६ साली इंग्लंडमध्ये बाजारात आला. हे रंग धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जातात, म्हणून ते पक्के. पण रंगवताना सगळाच रंग धाग्याला जोडला जात नाही. काही रंगाचा पाण्याशीच संयोग होतो आणि तो धाग्यात नुसता अडकून राहतो. कारखान्यात कापड रंगवून झाल्यावर हा मोकळा रंग उकळत्या साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. त्याला पाणी लागते, इंधन लागते, वेळ लागतो. स्वस्तातल्या कापडाला हे सोपस्कार पुरते होत नाहीत, आणि मग उरलेले धुणे आपल्या मोरीत होते. दुसरा गट त्याहून जुना. १८८४ साली जर्मनीत काँगो रेड नावाचा लाल रंग निघाला, त्या जातीचा. हा रंग धाग्याला फक्त चिकटून असतो, जोडलेला नसतो. तो प्रत्येक धुण्यात थोडा थोडा जातच राहतो. लाल, मरून, गडद निळा आणि काळा, हे चार रंग घरात आणताना सावध असावे, त्यातही लाल.

आपल्या आज्या-पणज्यांच्या गोधड्यांचा रंग का जात नव्हता? त्यांच्याजवळ काही गुपित होते असे नाही. त्या गोधडीत नवे कापड घालतच नसत. शंभर-दोनशे वेळा नदीवर नाही तर विहिरीवर धुतलेले लुगडे, फाटलेले धोतर, मुलांचे विटके सदरे. ज्या रंगाला जायचे तो कधीच वाहून गेलेला असे. आता आपण हौसेने बाजारातून नवे कोरे लाल पॉपलीन आणतो आणि त्या जुन्या मऊ कापडाला लावतो. एकीकडे रंग सोडायला टपलेले कापड आणि दुसरीकडे रंग प्यायला तयार असलेले पांढरे धोतर. मग जे व्हायचे तेच होते.

तुमसरच्या भगिनींना मी हेच स्पष्ट लिहिले, जरा धीर करून. किनारीचे कापड तुम्ही आठवडी बाजारातून आणले आणि न धुता लावले, असे तुमच्याच पत्रात आहे. सुनेने नसती भिजवली तर बाळाच्या पहिल्या ओल्यानेच हे झाले असते, आणि तेव्हा ते बाळाच्या अंगालाही लागले असते. तिचे चुकले ते एवढेच, की बादली लहान होती, पाणी थंड होते आणि गोधडी घडीवर घडी दाबून रात्रभर राहिली. अर्धी पाण्यात, अर्धी वर. हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तुम्हांला तरी कुठे ठाऊक होते?

आता उपाय. नीट वाचा, कारण वाचताना तो उलटा वाटेल. गोधडी पुन्हा भिजवायची. भरपूर गरम पाण्यात, भरपूर साबणात, आणि रात्रभर.

"अहो ताई, गरम पाण्याने तर आणखी रंग जाईल!" जाईलच. जावा म्हणूनच करायचे. किनारीतला सगळा मोकळा रंग एकदाच बाहेर काढायचा आणि तो इतक्या पाण्यात पसरू द्यायचा की त्याला पुन्हा धोतरावर बसायला वावच राहू नये. साबणाचे काम म्हणजे सुटलेला रंग पाण्यात तरंगत ठेवणे. थोड्या पाण्यात आणि थंड पाण्यात हे साधत नाही.

भांडे मोठे हवे. साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टप किंवा पाण्याचा पिंप. गोधडी आत सैल राहिली पाहिजे, दाबून बसवायची नाही. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचा गाव, तेव्हा कोणाच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळचे मोठे घंगाळ असेल आणि ते काढायचा मोह होईल. या कामाला ते नको. तांब्या-पितळेच्या अंशाने काही रंगांची छटा पालटते. लोखंडी टपही नको, गंजाचे डाग पडतील ते वेगळेच.

टपाच्या तळाला एक जुनी, धुतलेली पांढरी चादर अंथरा आणि तिची टोके बाहेर सोडा. कशासाठी ते मागाहून कळेल. मग एक भाग उकळते आणि एक भाग नळाचे, असे पाणी ओतत जा. म्हणजे ते साधारण साठ अंशांच्या आसपास येते. हात बुडवून बघायला जाऊ नका, भाजेल. लाकडी काठीने ढवळा आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. साठ-सत्तर लिटर पाण्याला अर्धी वाटी पातळ साबण घाला. भांडी घासायचा किंवा कपड्यांचा, कोणताही चालेल, फक्त त्यात ब्लीच नको. साबणाची वडी किसून घालू नका. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण फुटतो आणि त्याचा पांढरा चिकटा गोधडीत बसतो. पाणी फार जड असेल तर पातळ साबण थोडा वाढवा. बोअरच्या पाण्याने बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसत असेल तर ते पाणी या कामाला घेऊच नका, नळाचे साठवा.

आता गोधडी सोडा आणि काठीने दाबून पूर्ण बुडवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. एकही कोपरा वर राहता कामा नये. वर राहिलेला भाग वाळू लागतो, कंदिलाच्या वातीसारखे पाणी वर ओढतो आणि पाण्याबरोबर रंगही तिथे नेऊन ठेवतो. पाण्याच्या रेघेवरच नवा डाग! वर एक प्लास्टिकची जाळी आणि तिच्यावर पाण्याने भरलेले स्टीलचे पातेले ठेवले की गोधडी खाली राहते. दहा-बारा तास तशीच ठेवा. मधे एकदोनदा उठून, कुठे फुगून वर आली आहे का ते बघा आणि दाबा. पाणी गार झाले तरी चालेल. गोधडी मात्र चोळू नका, धोपटू नका.

सकाळी काचेच्या पेल्यात ते पाणी घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. रंग दिसला तर पाणी ओतून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. पेल्यातले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. तीन वेळा, चार वेळा, कधी पाच वेळाही करावे लागते. पहिल्या खेपेला डाग तसेच दिसतील, घाबरून मधेच सोडू नका. पुष्कळ जणी इथेच सोडतात आणि मग उपाय खोटा म्हणतात.

मागे एकदा मोहाडीकडच्या एका म्हाताऱ्या कोष्टीणबाईंनी मला कपड्याबद्दल सांगितले होते, "बाई, पानी साफ येवस्तोवर हात थांबवू नोको." त्यांचे सगळे आयुष्य मागावर गेलेले. त्यांना रसायन काय माहीत, पण जे सांगितले ते अगदी बरोबर.

पाणी स्वच्छ आले की दोनदा साध्या पाण्यात खळबळून काढा. आता ती तळाची चादर उपयोगी पडते. दोन किलोची गोधडी भिजली की आठ-दहा किलोची होते, आणि कोपरा धरून उचलली तर टाके तटतटा तुटतात. चादरीची टोके दोघींनी धरायची आणि झोळीसारखी उचलायची. पोटुशी मुलीला या उचलाउचलीत हात लावू देऊ नका. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचे. मग बाजेवर कोरडी पांढरी चादर घालून गोधडी सपाट पसरा, सावलीत आणि वाऱ्यात. तारेवर टाकली की दुमडलेल्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि रंगाला पुन्हा संधी मिळते. दर दोन तासांनी उलटा. आतली लुगडी वाळायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात हा उद्योग काढू नये.

पाणी फार लागते, हे मला कबूल आहे. चार खेपांना अडीच-तीनशे लिटर जाते. ते मोरी आणि संडास धुवायला वापरा, भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

आता काय करू नये ते.

मीठ! मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मैत्रिणींनो, मीही ते या सदरातून सांगत आले. ते शब्द आज मागे घेते. रंगवण्याच्या वेळी मीठ घालतात हे खरे, पण ते कशासाठी? पाण्यातला रंग कापडाकडे ढकलावा म्हणून. म्हणजे रंग सुटलेल्या पाण्यात आपण मूठभर मीठ टाकतो तेव्हा तो रंग शेजारच्या पांढऱ्या कापडात ढकलायला मदतच करतो. माझ्या थोरल्या मुलाच्या चौघडीचे मी स्वतः असे वाटोळे केले. हिरवा काठ होता. मीठ घातले, वर लिंबू पिळले, आणि रंग कायमचा बसावा म्हणून कडक उन्हात टाकली. कायमचा बसला तो पांढऱ्यावर. मग चिडून ब्लीच ओतले, तर हिरवा काठ पिवळट झाला आणि डाग होता तिथेच राहिला. पुढच्या दोन धुण्यांत कापड जागोजाग विरले. ती चौघडी अजून माळ्यावर आहे. टाकवत नाही आणि कोणाला दाखववतही नाही.

व्हिनेगरचेही तसेच. रेशीम आणि लोकर यांच्या काही रंगांना आंबटाचा उपयोग होतो, सुतीला नाही. तुरटीचा उपयोग झाडपाल्याच्या रंगांना, तोही रंगवण्याच्या आधी. आपल्या मध्य भारतात पूर्वी आलाच्या मुळांपासून लाल रंग काढत, तेव्हा तुरटीशिवाय तो कापडावर धरत नसे. तिथूनच तुरटीची कीर्ती आपल्यापर्यंत आली असावी. १८६९च्या सुमारास मंजिष्ठेतला लाल रंग कारखान्यात बनू लागला आणि पुढे ही मुळांची शेती मागे पडली, पण तुरटीचा सल्ला मात्र राहिला. रंगाच्या दुकानात 'फिक्सर' मिळते, तेही डाग पडल्यावर नको. ते सुटलेल्या रंगाला जिथे असेल तिथे पक्के करते, म्हणजे डागालाही. आणि रंग काढायची पावडर डागाबरोबर लुगड्यांचे रंगही नेते.

भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागातल्या मैत्रिणींसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे कोशाची वस्त्रे घरात असतात आणि फाटलेल्या कोसा लुगड्याचा काठ गोधडीला लावायची हौसही असते. कोसा म्हणजे रेशीम. ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढवलेल्या किड्याच्या कोशाचे. त्याला वरचा कडक उपाय चालणार नाही. गरम पाण्याने आणि तिखट साबणाने त्याची चमक जाते, धागा खरखरीत होतो. असा तुकडा असेल तर टाके उसवून तो आधी काढून घ्या, हे सगळ्यांत बरे. काढता येण्यासारखा नसेल तर पाणी कोमट, साबण लोकरी-रेशमी कपड्यांचा सौम्य, आणि रात्रभर न ठेवता दोन-तीन तास. खेपा जास्त कराव्या लागतील. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले तर इथे मात्र चालेल.

चार-पाच खेपा होऊनही पेल्यातले पाणी पहिल्याइतकेच लाल येत असेल तर समजा, की ते कापड दुसऱ्या जातीच्या कच्च्या रंगाचे आहे. त्याच्याशी झगडू नका. किनार उसवा, उरलेली गोधडी एकदा त्याच पद्धतीने धुवा आणि दुसरी किनार लावा. उसवताना जीव जातो, पण गोधडी वाचते.

हे सगळे ज्यांना टाळायचे आहे त्यांनी शिवण्याआधी एवढे करावे. नव्या कापडाचा चार बोटे तुकडा आणि पांढऱ्या सुती कापडाचा तेवढाच तुकडा एकत्र टाचा, गरम साबणाच्या पाण्यात तासभर ठेवा. पांढरा पांढराच राहिला तर कापड घ्या. नाहीतर पूर्ण कापड आधी वरच्या रीतीने धुऊन काढा, मग कात्री लावा. दुकानदार "गॅरंटीचा रंग" म्हणाला तरीही.

परवा तुमसरहून दुसरे पत्र आले. चार खेपा झाल्या. पहिले पाणी कुंकवाच्या पाण्यासारखे, चौथ्या वेळी पेल्याआडून वर्तमानपत्र वाचता आले. पाणी सुनेने तापवले, टप अंगणात मुलाने ओढून दिला. "रात्री गोधडी दाबायला ती दोनदा उठली, मी एकदा," असे लिहिले आहे. तिने दुसऱ्या वेळी उठताना चहा टाकला म्हणे, रात्री अडीच वाजता. धोतराचे चौकोन पांढरे झाले. फक्त एका कोपऱ्यात, जिथे किनार दुहेरी शिवली आहे, तिथे फिकट गुलाबी छटा उरली आहे. त्यांनी विचारले आहे, तिथे काय करू?

ताई, धोतराचे चिंधीभर कापड उरले असेल तर त्या जागी एक चौकोन वरून शिवा. नसेल तर राहू द्या, आणखी भिजवून आता लुगडी झिजवू नका. मात्र दोन गोष्टी पाळा. ओल्या पांढऱ्या रुमालाने किनार एकदा दाबून बघा. रुमालाला पुसटसाही रंग लागला तर बाळ किनार तोंडात घालेल त्या वयात ती गोधडी त्याच्याजवळ नको, आणि पहिले महिने मधे पांढरे सुती दुपटे घाला. काही अपायकारक कापडरंगांवर आपल्या सरकारने १९९७ साली बंदी घातली, तरी बाजारातल्या सुट्या कापडाला कोणता रंग आहे ते आपण कसे ओळखणार? आणि ही गोधडी पुढे नेहमी वेगळी धुवायची, झटपट धुवायची आणि लगेच पसरायची. बादलीत भिजवून ठेवायची नाही. हे सुनेलाही सांगून ठेवा, आणि मुलीलाही, कारण गोधडी तिच्याबरोबर जाणार आहे.

पोरकिड्यांचे आणि गंजलेल्या डब्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात नक्की.